रोलप्ले गेम सुरू करायचीय: पेटी विकत घ्यावी की एका पानावर भागवावं?

सोलापुरात टेबलटॉप रोलप्ले गेमचा पहिला डाव मांडणारा ग्रुप बहुधा असा असतो: चार-पाच मित्रमैत्रिणी, त्यातल्या एकालाच या प्रकाराचं वेड, बाकीचे "बघू तर काय आहे" म्हणून आलेले. ज्याला वेड तोच पैसे घालतो, तोच पुस्तक वाचतो आणि गेमही तोच चालवतो. त्यामुळे गेमच्या पेटीवर 'नवख्यांसाठी' असं छापलेलं दिसलं की आधी एवढंच पाहावं, हे सोपं केलंय ते कुणासाठी? खेळणाऱ्यांसाठी की चालवणाऱ्यासाठी? नव्या लोकांना ओढून घ्यायला गेम बनवणाऱ्या सगळ्यांनीच नियम छाटले, पण उरलेलं ओझं प्रत्येकानं वेगळ्याच्या डोक्यावर ठेवलं.

ज्यांनी हे कधीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एक जण गोष्ट सांगतो, तो गेम चालवणारा; बाकीचे आपापलं पात्र काय करेल ते ठरवतात आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकतात. बाकी सगळा याच्या भोवतीचा पसारा.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ ची. तिचे पहिले नियम युद्धखेळ आधीच येत असलेल्यांसाठी होते. नवख्यांसाठी वेगळी बेसिक पेटी १९७७ मध्ये आली. आजच्या खेळाडूला जाणवणारी छाटणी मात्र २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत झाली. तिसऱ्या आवृत्तीत उंचावर उभे म्हणून अधिक एक, शत्रूला दोन्हीकडून घेरलं म्हणून अधिक दोन, असा हिशेब दर फाशाला चालायचा. पाचवीत त्यातला बराचसा गेला. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाका आणि मोठा आकडा धरा. विरोधात असेल तर लहान धरा. हे अर्ध्या मिनिटात कुणालाही कळतं.

त्याच वर्षीच्या स्टार्टर सेट या नवख्यांच्या पेटीत नियमांची ३२ पानं, साहसाची म्हणजे खेळायच्या तयार गोष्टीची ६४ पानं, पाच तयार पात्रं आणि सहा फासे होते. खेळाडूनं एक कागद उचलायचा आणि बसायचं. चालवणाऱ्याच्या वाट्याला मात्र सगळी ९६ पानं. शिवाय साहसाची सुरुवातच रस्त्यावर दबा धरून बसलेल्या गॉब्लिन्सच्या हल्ल्यानं होते, आणि पहिल्या पातळीची पात्रं त्यात सहज आडवी होतात. पहिल्या वीस मिनिटांत कुणी "काय बे, मेलो की मी" म्हणून मोबाइल काढला तर नवख्या चालवणाऱ्याला ते सावरणं अवघड जातं. २०२५ च्या 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' या पेटीत मंत्र, शस्त्रं, सामान सगळं कार्डांवर आणलंय आणि साहसही वेगवेगळ्या पुस्तिकांत वाटलंय. विकत घ्यायचीच असेल तर ही नवी घ्या. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम फुकट वाचायलाही मिळतात, फक्त त्यात पहिल्या दिवशीची गोष्ट मिळत नाही, आणि नवख्याला खरी गरज गोष्टीचीच असते.

'पाथफाइंडर' या दुसऱ्या गेमचं उलटं आहे. नियम जाडजूड अशी तिची ख्याती, आणि ती खोटी नाही. पण २०२० चा तिचा बिगिनर बॉक्स चालवणाऱ्याचा हात धरतो, आणि मला तो याच कारणासाठी आवडतो. खेळाडूच्या पुस्तिकेत आधी एकट्यानं वाचत खेळायची गोष्ट आहे: दार उघडायचं तर अमुक परिच्छेदावर जा, पळायचं तर तमुक. ती संपेपर्यंत फासे कसे टाकायचे हे हाताला कळलेलं असतं. मग चालवणाऱ्याच्या पुस्तिकेतलं तळघर. तिथली प्रत्येक खोली एखादा नवा नियम शिकवते, आणि तो नियम त्याच खोलीच्या वर्णनात समजावलेला असतो. दहा पानं मागे जाऊन शोधाशोध नाही. नकाशा आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्याही पेटीतच. ज्यानं कुणाचाही डाव शेजारी बसून पाहिलेला नाही, त्याला यापेक्षा बरा गुरू मिळणं कठीण. पुढचे सगळे नियम 'आर्काइव्हज ऑफ नेथिस' या साइटवर अधिकृत परवानगीनं फुकट आहेत. फक्त पेटी संपली की पुढची चढण खडी आहे, हे ग्रुपला आधीच सांगून ठेवा.

तिसरा मार्ग झेरॉक्सच्या दुकानातून जातो. जॉन हार्परची २०१३ ची 'लेझर्स अँड फीलिंग्ज' एका पानावर मावते, फुकट आहे आणि बदलून वापरायला परवानगी आहे. मुळात ती अंतराळयानातल्या खलाशांची गोष्ट. तुम्ही ती होम मैदानावर, गड्ड्याच्या यात्रेत आकाशपाळणा चालवणाऱ्या टोळीवर बसवा. प्रत्येकानं २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. आकडा मोठा तर यंत्र-तर्कात हुशार, लहान तर माणसं सांभाळण्यात. समजा तुमचा आकडा ४. पाळणा अडकला आणि मोटार दुरुस्त करायचीय, तर फाशावर ४ च्या खाली पडायला हवं. वर अडकलेल्या काकूंना धीर द्यायचाय, तर ४ च्या वर. नेमका ४ पडला तर चालवणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि त्यानं खरं उत्तर द्यायचं. तयारीत असाल तर एक फासा जादा, त्या कामात मुरलेले असाल तर आणखी एक. फासे लुडोतलेच चालतात.

ऐकायला हे सगळ्यात सोपं, आणि खेळणाऱ्यासाठी आहेही. चालवणाऱ्याला मात्र पानभर नियम सोडले तर कशाचाच आधार नाही. पुढे काय घडतं ते तिथल्या तिथे सुचावं लागतं. ज्याला गॅदरिंगमध्ये ऐनवेळी नाटुकलं उभं करता येतं, त्याच्यासाठी सोनं. जो वाचून, आखणी करून बोलतो तो अर्ध्या तासात कोरडा पडेल.

आता भाषेचं. या साऱ्या गेम्स इंग्रजीत आहेत, आणि आपल्याकडे एकाच टेबलावर घरी मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे असतात. गेम चालवणारा एकच असला की तो वाचतो आणि सगळ्यांना कळेल अशा मिश्र बोलीत सांगतो. भाषेची अडचण तिथेच मिटते. म्हणून अॅलेक्स रॉबर्ट्सची 'फॉर द क्वीन' ही फासे नाहीत, चालवणारा नाही, फक्त कार्डांवरचे प्रश्न अशी गेम कागदावर सगळ्यात सोपी दिसली तरी इथं थोडी अडते. तिथं प्रत्येकाला आपलं कार्ड मोठ्यानं वाचायचं असतं. इंग्रजी वाचायला लाजणारा एक जण असला तरी डाव थंडावतो. प्रश्न आधी मराठीत उतरवून घेणार असाल तर मात्र ही गेम फार सुंदर आहे.

भयकथा आवडणाऱ्यांनी 'कॉल ऑफ कथुल्हू'चा स्टार्टर सेट जरूर पाहावा. कौशल्य ६० टक्के असेल तर शंभरात ६० किंवा कमी पडायला हवं, इतकं सरळ गणित, आणि एकट्यानं खेळून शिकायची गोष्ट इथेही आहे. १९२० च्या दशकातली गोष्ट सोलापुरात आणायला कष्टही नाहीत, गिरण्या आणि त्यांची धुराडी आयतीच आहेत. पण घाबरायला शांतता लागते. घरात येणं-जाणं चालू असेल, पाणी आलं म्हणून कुणी मध्येच उठणार असेल, तर ही नको.

माझं मत असं. चालवणारा बोलका असेल तर या रविवारी एक पान छापून बसा, खर्च नाही, फसलं तरी काही जात नाही. वाचून करणारा असेल तर पाथफाइंडरची पेटी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तेव्हा घ्या, जेव्हा ग्रुपमधल्या दोघा-तिघांना तिचं नाव आधीपासून माहीत असेल, सिरीज आणि यूट्यूबमुळे असे लोक आता सापडतात, आणि त्यांना दुसरी कुठलीही गेम दिली तरी ते "खरी कधी खेळायची?" हेच विचारत राहतात. पेटी मागवायच्या आधी ग्रुपकडून दोन रविवार पक्के करून घ्या, कारण दोन्ही पेट्यांतली साहसं एका बैठकीत संपत नाहीत.