आयसीयूत स्टाफ नर्स राहावं की ट्रॅव्हल नर्स व्हावं?

अमेरिकेत आयसीयूत थोडी वर्षं काढली की हा प्रश्न समोर येतोच. एकाच हॉस्पिटलात स्टाफ म्हणून टिकायचं, की एजन्सीमार्फत साधारण 13 आठवड्यांची कॉन्ट्रॅक्ट्स घेत फिरायचं? बहुतेक जण आधी आठवड्याच्या पगाराचा आकडा बघतात. मी म्हणेन, आधी बघा आपल्या वाट्याला पेशंट कोणता येणार.

ईसीएमओवरचा (हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावरचा) किंवा सीआरआरटी (सलग चालणारं डायलिसिस) चालू असलेला पेशंट बहुतेक ठिकाणी युनिटच्या, त्या मशीनवर तयार झालेल्या माणसालाच मिळतो. ट्रॅव्हलरकडे बऱ्याचदा त्यातल्या त्यात स्थिर पेशंट येतात, आणि दुसऱ्या वॉर्डात फ्लोट करायची, म्हणजे त्या शिफ्टपुरतं तिकडे जायची, वेळ आली की पहिलं नाव त्यांचंच. पुढे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट (भूल देणारी नर्स) व्हायचं असेल तर हे जड जातं. त्या अभ्यासक्रमाला किमान एक वर्षाचा क्रिटिकल केअरचा अनुभव लागतो आणि अवघड पेशंट सांभाळलेत का, हेही बघितलं जातं.

उलट ट्रॅव्हलमध्ये जुळवून घ्यायची सवय लागते ती स्टाफला क्वचितच लागते. ओरिएंटेशन कधीकधी एकदोन शिफ्टचंच. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-साधनांची गाडी) कुठे, व्हेंटिलेटर कुठल्या कंपनीचा, रात्री डॉक्टर युनिटमध्ये असतो की फोनवर, हे पहिल्या तासात माहीत करून घ्यावं लागतं. एका हॉस्पिटलात नॉरएपिनेफ्रिन (रक्तदाब टिकवणारं औषध) मिनिटाला मायक्रोग्रॅममध्ये चालतं, दुसरीकडे वजनाच्या हिशोबात. 70 किलोच्या पेशंटला किलोमागे मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅम म्हणजे एकूण मिनिटाला 7 मायक्रोग्रॅम. पंपावरचं एकक न बघता आकडा टाकला तर काय होईल ते सांगायला नको! म्हणूनच आयसीयूत दोन वर्षं मुरल्याशिवाय फिरतीवर जाऊ नये, एजन्सी कितीही घाई करो.

आता पैसा. ट्रॅव्हलच्या पॅकेजमध्ये तासाचा करपात्र दर बहुधा कमी आणि राहण्या-जेवणाचा भत्ता वेगळा असतो. तो करमुक्त राहतो तो तुमचं मूळ घर दुसरीकडे असेल आणि त्याचा खर्च तुम्ही खरोखर उचलत असाल तरच. एकाच गावात वर्षाहून जास्त काळ काम चालणार असं ठरलं की ती सवलत गेली. करपात्र पगार कमी म्हणजे सोशल सिक्युरिटीतली (सरकारी पेन्शनसाठीची) नोंदही कमी. शिवाय दोन कॉन्ट्रॅक्ट्सच्या मधल्या आठवड्यांत पगार नाही, कधी आरोग्य विमाही नाही. स्टाफला पगारी रजा आणि बऱ्याच ठिकाणी निवृत्तीच्या खात्यात हॉस्पिटलचा वाटा मिळतो; आकडे मांडताना हे धरायला लोक विसरतात.

लायसन्सचं सोपं आहे: मूळ राज्य कॉम्पॅक्टमध्ये (नर्सिंग लायसन्सबाबतच्या राज्यांच्या आपसातल्या करारात) असेल तर एका मल्टिस्टेट लायसन्सवर इतर सदस्य राज्यांत काम करता येतं. कॅलिफोर्निया त्यात नाही, तिथलं वेगळं काढावं लागतं. पण तिथे आयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत, हा कायदाच आहे. इतरत्र तिसरा पेशंट गळ्यात पडलेले ट्रॅव्हलर या एका कारणासाठीही तिकडे जातात.

घरी लहान मुलं असतील, सीसीआरएन (क्रिटिकल केअर नर्सिंगचं प्रमाणपत्र) अजून व्हायचं असेल, तर मी स्टाफकडेच झुकेन. कर्ज फेडायचंय, मागे कोणी अडकलेलं नाही, हात बसलेला आहे, तर खुशाल निघा. फक्त सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: पेशंट कमी म्हणून शिफ्ट रद्द झाली तरी आठवड्याला किती तासांचे पैसे नक्की मिळणार, आणि फ्लोट करायचं ते नेमकं कोणकोणत्या युनिटमध्ये. रिक्रूटरचं फोनवरचं “काळजी करू नका” तिथे गेल्यावर कोणी मानत नाही.