एनसीडीयू: डिस्क फुल झाल्यावर पहिलं हत्यार, फक्त ‘डी’ सांभाळून

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणून लिनक्स सर्व्हर बोंबलायला लागला की फोल्डरचा आकार सांगणाऱ्या ‘डीयू’ कमांडचे आकडे सॉर्ट करत बसण्यापेक्षा एनसीडीयू उघडा. कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारं योरान हेलिंग यांचं हे फुकट टूल 2007 पासून आहे. 2022 मध्ये आलेली 2.0 आवृत्ती झिग भाषेत नव्याने लिहिलेली.

रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, होऊन ‘एनसीडीयू -एक्स /’ चालवायचं. ‘-एक्स’मुळे ते एकाच फाइलसिस्टमपुरतं राहतं; विसरलात तर ते एनएफएस (नेटवर्कवरची डिस्क), बॅकअपची डिस्क, सगळीकडे शिरतं आणि भलताच हिशेब समोर येतो. रूट नसाल तर न वाचता आलेल्या फोल्डरपुढे उद्गारचिन्ह दिसतं; तेवढं बेरजेतून गळालं समजा. यादी मोठ्यापासून लागते, एंटर दाबत आत उतरायचं. चोर बहुधा ‘/वार’मध्येच सापडतो: जर्नल (सिस्टमचे लॉग), डॉकर (कंटेनर चालवणारं टूल), नाहीतर एपीटी या पॅकेज इन्स्टॉलरचा कॅश.

सापडल्यावर ‘डी’ दाबून एकदा होकार दिला की फाइल गेली. ही सोय मला तरी धोक्याचीच वाटते. जर्नल ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=200एम’ने कमी करावं, कॅश ‘एपीटी क्लीन’ने. डॉकरच्या ‘ओव्हरले2’ फोल्डरमध्ये तर हात घालूच नये, न वापरलेलं काढायला ‘डॉकर सिस्टम प्रून’ आहे, तेही काय उडणार ते वाचून. चालू लॉग डिलीट केला तर फाइलचं नाव जातं, पण प्रोसेसने ती उघडी धरलेली असते तोवर जागा सुटत नाही. डिस्क किती भरली ते सांगणारं डीएफ 100 टक्क्यांवरच अडलेलं आणि एनसीडीयूला फाइल दिसतच नाही! मग ‘एलएसओएफ +एल1’ने ती प्रोसेस शोधून रीस्टार्ट करा. त्यापेक्षा आधीच ‘ट्रंकेट -एस 0’ने लॉग रिकामा केलेला बरा. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ‘-आर’ लावून उघडा, डिलीट बंद राहतं.

डीएफ आणि एनसीडीयू यांचे आकडे जुळत नाहीत याचं दुसरं कारण माउंटखाली, म्हणजे फोल्डरवर जोडलेल्या डिस्कखाली, दबलेल्या फाइली. बॅकअपची डिस्क माउंट झाली नाही आणि स्क्रिप्टने तिच्या रिकाम्या फोल्डरमध्येच लिहून ठेवलं, की पुढे डिस्क जोडल्यावर ते झाकलं जातं. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ करून ‘/एमएनटी’ स्कॅन केलं की उघडं पडतं. ईएक्सटी4 फाइलसिस्टमवर रूटसाठी राखलेले 5 टक्केही लक्षात ठेवा. नुसत्या डेटाच्या पार्टिशनवर ‘ट्यून2एफएस -एम 1’ने ते 1 टक्का केलं तरी चालतं.

जागा दिसतेय तरी एरर येतोय? ‘डीएफ -आय’ बघा, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले असतील. एनसीडीयूत छोटा ‘सी’ दाबला की फाइलींची संख्या दिसते, कॅपिटल ‘सी’ने त्यावर क्रम लागतो. पीएचपीच्या सेशन फाइलींचा ढीग असाच हाती लागतो.

बीटीआरएफएस या फाइलसिस्टमवर मात्र आकड्यांवर विसंबू नका. स्नॅपशॉटमध्ये (जपलेल्या जुन्या प्रतीत) अडकलेली जागा फाइल उडवून सुटत नाही.

डिस्क ठार भरल्यावर एपीटीने एनसीडीयू इन्स्टॉलही होत नाही. अधिकृत साइटवरची स्टॅटिक बायनरी (इन्स्टॉल न करता चालणारी फाइल) ‘/डेव्ह/एसएचएम’मध्ये टाका. ती जागा रॅममधली, त्यामुळे तिथून चालते. तिथे ‘नोएक्झेक’ (प्रोग्राम चालवायला बंदी) लावलेलं नसलं म्हणजे झालं.