मारक्या माशांच्या टँकमध्ये कोणती वनस्पती टिकेल?

ऑस्कर या मारक्या माशाच्या टँकमध्ये संध्याकाळी ॲमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं रोप लावलं, तर सकाळी ते पाण्यावर तरंगताना दिसतं. नीट पाहिलंत तर पानं शाबूत असतात, मुळंही शाबूत असतात. खाली खडीत मात्र वाटीएवढा खड्डा पडलेला असतो. ऑस्करने वनस्पती खाल्लेली नसते, उपटलेली असते. माझ्या मते निवडीची सुरुवात इथून करायला हवी. ‘मारक्या माशांसोबत हिरवं काही टिकत नाही’ असं दुकानात सर्रास ऐकायला मिळतं आणि माणूस प्लॅस्टिकची पानं घेऊन घरी येतो. मला ते अजिबात पटत नाही. आपला मासा वनस्पतीचं नेमकं काय करतो हे आधी ओळखलं, तर काही वनस्पती वर्षानुवर्षं टिकतात.

ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला, फूटभर वाढणारा मासा. तो तळ उकरतो आणि वाटेत येईल ते तोंडाने ढकलतो. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झालेला मासा; टँकमध्ये नवीन आलेली कुठलीही वस्तू त्याला घुसखोर वाटते, म्हणून सुरुवातीला तो वनस्पतीला धडका देतो, पानं ओरबाडतो. कॉन्व्हिक्ट माशांची जोडी अंडी घालायच्या बेतात असली की तळात खड्डे करते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या म्बुना माशांना आपल्याकडे सरसकट ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणतात. ते मुळात खडकांवरचं शेवाळ खरवडून खाणारे, त्यामुळे कोवळं पान दिसलं की कुरतडतात.

ऑस्करसोबत सिल्व्हर डॉलर पाळत असाल, किंवा कुणी ‘पिरान्हा’ म्हणून रूपचंद गळ्यात मारला असेल, तर मात्र थांबा. हे मासे खरोखर वनस्पती खातात. त्यांच्यासमोर कुठलीही वनस्पती म्हणजे ताटात वाढलेली भाजी.

आता मुख्य सामना दोन पाणवनस्पतींचा: अनुबियास की जावा फर्न? दोघींत एक मोठा गुण सारखा आहे. त्यांना खडीत लावायचंच नसतं. दोरा किंवा फेविक्विकच्या जेलने त्या लाकडावर, दगडावर चिकटवायच्या. उकरणाऱ्या माशाच्या तडाख्यातून त्या आपोआप सुटतात. दोघींनाही मंद उजेड पुरतो. दोघींचं आडवं खोड, म्हणजे राईझोम, खडीखाली गाडलं तर कुजतं. माझी पहिली अनुबियास मी अशीच गाडून घालवली. तीन आठवड्यांत खोड मऊ पडलं आणि पानं देठापासून सुटून आली.

फरक पुढे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या या अनुबियासचं पान चामड्यासारखं जाड असतं. ती अळूच्या कुळातली. अळू नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, तसलेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक हिच्या पानातही असतात, त्यामुळे एकदा चावलेला मासा सहसा पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. काही महिन्यांत मुळं लाकडाला अशी घट्ट धरतात की ओढून निघत नाहीत. तोटा एकच, पण मोठा: वाढ फार संथ. फ्लॉवरहॉर्नने चार पानं फाडली, तर ती भरून यायला महिने जातात. पानं जुनी होतात तसं त्यांवर शेवाळही साचतं. म्बुनांच्या टँकमध्ये ही तक्रार कमी, कारण शेवाळ मासेच खरवडून काढतात.

जावा फर्नचं पान पातळ, लांब आणि ठिसूळ. ऑस्करच्या एका शेपटीच्या फटक्याने तुटू शकतं. पण तुटलेल्या पानाला टोकाशी, कडेला नवी पिल्लं फुटतात आणि तीही दगडावर बांधता येतात. म्हणजे नासधूस झाली तरी वंश चालू राहतो. अनुबियास मार सोसते, जावा फर्न मार खाऊन पुन्हा उगवतं. पानांखाली काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ओळीने असलेले ते ठिपके बीजाणूंचे असतात. फ्लॉवरहॉर्न पाळणारे पाण्यात खडे मीठ टाकतात. त्या थोड्या मिठाला जावा फर्न दाद देत नाही, ही तिथे मोठीच सोय.

माझा कौल: फ्लॉवरहॉर्नला जावा फर्न, ऑस्करला अनुबियास. त्यातही ‘नाना’ ही बुटकी जात नको, मोठ्या पानांची बार्टेरी घ्या. किंमत जास्त पडते, पण फूटभर माशासमोर चार इंचांचं रोप खेळण्यासारखं दिसतं आणि तसंच वागवलं जातं. घेताना खोड बोटाने दाबून पाहा. मऊ लागलं किंवा वास आला तर परत ठेवा. कुंडीतलं रोप असेल तर मुळांभोवतीचा कापसासारखा रॉकवूल पूर्ण काढा. नर्सरीत बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, म्हणून टँकमध्ये पहिल्या महिन्यात काही पानं गळतात. तो माशाचा दोष नाही.

मलावी टँकला मात्र मी वेगळं सांगेन: व्हॅलिस्नेरिया. ती प्रत्यक्ष मलावी सरोवरात वाढते आणि आपल्या देशातल्या तळ्यांतही सापडते. पाणी जड, क्षारयुक्त असलं तर बहुतेक वनस्पती कुढतात, पण व्हॅलिस पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, म्हणून बोअरच्या पाण्यावर ती जोमात येते. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं मऊ पाणी नळाला येतं. तिथे मलावी मासे पाळणारे शिंपले-प्रवाळांचा चुरा टाकून पाणी जड करतातच, तेच व्हॅलिसलाही मानवतं. ती मुळं धरणारी आहे, म्हणून मासे सोडण्याआधी तिला महिनाभर मोकळा टँक द्या. ते शक्य नसेल तर कुंभाराकडची साधी मातीची कुंडी घेऊन तिच्यात लावा आणि वर माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे नदीतले गोटे रचा. एकदा धावते कोंब (आडवे पसरून नवी रोपं देणारे) सुटले की कुरतडल्यापेक्षा वाढ जास्त होते.

याच जागी क्रिप्टोकोरीन लावायचा मोह होतो. दिसायला सुंदर, आणि तिची स्पायरालिस ही जात तर आपल्या कोकणातली. पण मुळं हलली की तिची सगळी पानं विरघळतात. उकरणाऱ्या माशासोबत ती नकोच.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून वनस्पती हवी असेल, तर अनुबियास, जावा फर्नचा फारसा उपयोग नाही. मोठा मासा भरपूर घाण करतो, त्या घाणीतून तयार होणारं नायट्रेट पाण्यात चढतं आणि अनुबियास इतकी हळू वाढते की ते शोषणं तिच्या आवाक्यातलं नाही. इथे घरातला मनीप्लांट सगळ्यांना मागे टाकतो. मुळं पाण्यात, पानं बाहेर हवेत. कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळत असल्याने तो झपाट्याने वाढतो आणि नायट्रेट ओढत राहतो. मुळं सरळ टँकमध्ये सोडली तर ऑस्कर ती ओढून फाडतो. टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये सोडा, तिथे माशाचं तोंड पोचत नाही. पाणी बदलणं मात्र यानेही सुटत नाही. मी दर आठवड्याला तिसरा हिस्सा बदलते.

पिस्टियासारख्या तरंगत्या वनस्पतीही नायट्रेट खातात, पण त्यांच्या लोंबत्या मुळांचा ऑस्कर चेंदामेंदा करतो आणि फिल्टर तुंबतो. त्या वाढल्याच तर जास्तीच्या उन्हात वाळवून कचऱ्यात टाका, ओढ्यात किंवा तळ्यात कधीही नको. जलपर्णीने पवई तलावाची काय अवस्था केली ते आपण पाहिलं आहे.

वनस्पती लावायची वेळही पाहा. मी पाणी बदलतानाच टँकमधल्या दोन-तीन दगडांच्या जागा बदलते, वनस्पतीचं लाकूड त्याच वेळी आत ठेवते आणि त्या रात्री दिवा लावत नाही. सगळंच नवीन झालं की फ्लॉवरहॉर्न आपली हद्द पुन्हा आखण्यात गुंततो आणि एकट्या रोपावर त्याचा राग निघत नाही.