यूएसबी वायफाय अडॅप्टर: काही महिने रोज वापरल्यानंतर

लॅपटॉपच्या आतलं वायफाय कार्ड दगा देऊ लागल्यावर घेतलेला हा अडॅप्टर आता बरेच महिने रोज चालतोय. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा), ८०२.११एसी (म्हणजे वायफाय ५), यूएसबी ३ चा, वर एक छोटा वळणारा अँटेना. काम चोख करतो आणि वेळ आली तर मी असाच पुन्हा घेईन. पण लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जात नाही, एवढ्याच कारणावरून कुणी तो मागवू नये. बऱ्याचदा कार्ड ठणठणीत असतं आणि घोडं भलतीकडेच पेंड खात असतं.

माझ्याकडे घरातले फोन व्यवस्थित जोडले जायचे, लॅपटॉपला मात्र कधी नेटवर्क दिसायचं, कधी यादीच कोरी. अशा वेळी राउटरला हात लावण्याआधी फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडून बघावा. जोडला गेला, तर कार्ड जिवंत आहे आणि अडचण बहुधा राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा लॅपटॉपने साठवलेल्या जुन्या माहितीत आहे. नाही जोडला गेला, तर लॅपटॉपकडे बघायचं.

मग गाडी नेमकी कुठे थांबते ते पाहायचं. नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर आधी बँड तपासा. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या जुन्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसणारच नाही. २.४ वरही राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असेल, तर काही कार्डांना ते चॅनेल वर्ज्य असतात. १, ६ किंवा ११ ठेवा. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. त्यामुळे राउटर चालू झाल्यावर आधी किमान एक मिनिट रडार आहे का ते नुसता ऐकत बसतो आणि तोवर नाव दिसत नाही. हे ठाऊक नसलं की माणूस घाईघाईने पुन्हा राउटर बंद करतो. नवा वायफाय ६ चा राउटर आणल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. काही जुन्या ड्रायव्हरना असं नेटवर्क दिसतच नाही.

नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे, तरी नकार मिळतोय? राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) ठेवलं असेल तर जुनी कार्डं तिथे अडतात. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडा. त्यानंतर लॅपटॉपमधलं ते नेटवर्क ‘फरगेट’ करून नव्याने जोडा. राउटरवर मॅक फिल्टर (हार्डवेअर पत्ता बघून ठरावीक उपकरणांनाच आत घेणारी यादी) लावलेला असेल, तर लॅपटॉपमधला ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ बंद हवा, नाहीतर तो दर वेळी अनोळखी ठरू शकतो. आणि जोडणी होऊनही इंटरनेट नसेल, तर आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने तो स्वतःच घेतलाय.

माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. हॉटस्पॉटलाही जोडणी होत नव्हती आणि अधूनमधून कार्ड विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून चक्क गायब व्हायचं. पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण काढली. ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, आधीचाही टाकून पाहिला. लॅपटॉप उघडून घेऊन अँटेनाच्या तारा घट्ट आहेत ना तेही बघितलं. एवढं झाल्यावरच अडॅप्टर मागवला. कार्ड बदलता येण्यासारखं असेल तर तेच बदलणं जास्त सुबक. माझं बोर्डावरच जोडलेलं आहे.

अडॅप्टर लावला की तो आधी सीडी ड्राइव्हसारखा दिसतो आणि त्यातच ड्रायव्हर असतो. तो जुना निघाला. नवा उतरवायला इंटरनेट हवं, म्हणून फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं. त्याला वायफाय लागत नाही. आतलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करायला विसरू नका, नाहीतर दोन्ही एकाच नेटवर्कला जोडली जातात आणि काय कुठून चाललंय ते कळत नाही.

खरा धडा पुढच्या काही आठवड्यांत मिळाला. शेजारच्या पोर्टला बाहेरची हार्ड डिस्क लावून मोठ्या फायली कॉपी करायला घेतल्या, की २.४ गिगाहर्ट्झवरची जोडणी डळमळायची. दोष अडॅप्टरचा नव्हता. यूएसबी ३ मधून ५ गिगाबिट प्रतिसेकंद वेगाने डेटा जातो तेव्हा होणारा विद्युत गोंगाट २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लेख काढला होता. अडॅप्टर चांगल्या शिल्डिंगच्या एक्सटेन्शन केबलवर घेऊन डिस्कपासून दूर ठेवला आणि ५ गिगाहर्ट्झला जोडला. तेव्हापासून कॉपी चालू असतानाही व्हिडिओ कॉल तुटलेला नाही. केबलमुळे अँटेना मोकळ्या जागी ठेवता येतो, तो फायदा वेगळाच. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत आतल्या कार्डाला जेमतेम मिळणारा सिग्नल आता भरवशाचा आहे. मला विचाराल तर अशी केबल खोक्यातच द्यायला हवी.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर अडॅप्टर कधीकधी ओळखलाच जात नसे. पॉवर प्लॅनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद केल्यावर ते थांबलं. लांबलचक कॉलनंतर तो चांगलाच गरम होतो, पण त्यामुळे जोडणी तुटत नाही. एक पोर्ट कायमचा अडकतो, बॅगेत टाकताना काढून ठेवावा लागतो.

लिनक्स वापरणाऱ्यांनी मात्र खोक्यावरच्या वेगापेक्षा आतली चिप बघावी. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू सारख्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, लावलं की चालतं. वेगळा ड्रायव्हर लागणारी चिप असेल तर कर्नल बदलल्यावर तो पुन्हा बांधावा (कंपाइल करावा) लागतो, आणि ते नेमकं घाईच्या दिवशीच आठवतं.