फुकट ते पौष्टिक? नव्या ई-रीडरमध्ये पुस्तकं भरून ठेवावीत की मोजकीच घ्यावीत

नवा ई-रीडर, म्हणजे किंडलसारखं पुस्तकं वाचायचं उपकरण, घरात आला की पहिला आठवडा वाचण्यात जात नाही, फुकटची पुस्तकं उतरवण्यात (डाउनलोड करण्यात) जातो. आधी हिशेब करून टाकू. १६ जीबीच्या उपकरणात वापरायला साधारण १३ जीबी मिळतात. निव्वळ मजकुराची ईपब (ई-पुस्तकांचा प्रचलित प्रकार) फाइल अर्धा ते एक एमबीची असते. म्हणजे तेरा हजार पुस्तकं आरामात बसतील. महिन्याला दोन वाचली तरी ती संपायला पाचशे चाळीस वर्षं लागतील. ‘जागा आहे ना, मग राहू दे की’ हा युक्तिवाद इथेच बाद होतो. जागा कुणालाच कमी पडत नाही.

खरी निवड दोन पद्धतींमधली आहे. पहिली साठ्याची: मिळेल ते सगळं उपकरणात टाकायचं आणि मग निवांत निवडायचं. दुसरी रांगेची: साठा लॅपटॉपवर, उपकरणात एका वेळी दहा-पंधरा पुस्तकं, एक संपलं किंवा सोडून दिलं की पुढचं आत. इंग्रजी वाचणाऱ्याला साठा एकवेळ परवडतो. सांगली-मिरजेत बसून मुख्यतः मराठी वाचणाऱ्याला तो का परवडत नाही, ते पुढे येईलच.

उपकरणावर काय होतं

किंडलसारखा ई-रीडर प्रत्येक नव्या पुस्तकातल्या शब्दांची सूची बनवतो, म्हणजे नंतर शोध घेता यावा. एकदम हजार फाइली ओतल्या की हे काम तासन्‌तास, कधी कधी दिवसचे दिवस चालतं. आठवडे टिकणारी बॅटरी दोन दिवसांत बसते, पान उलटायला वेळ लागतो, आणि माणूस ‘पीस खराब निघाला’ म्हणत दुकानात जातो. त्यात एखादी फाइल मोडकी असली तर सूची तिथेच अडकते आणि बॅटरी रोजच गळत राहते. उपाय सोपा आहे. पंचवीस-तीसच्या गटाने पुस्तकं टाका, रात्रभर चार्जरला लावून ठेवा, आणि कुठल्या गटानंतर त्रास सुरू झाला ते लक्षात ठेवा. दोषी फाइल त्याच गटात असते.

दुसरा त्रास यादीचा. लॅपटॉपवर तुम्ही ‘नाटक’, ‘चरित्र’, ‘कविता’ असे नेटके फोल्डर केलेत, तरी किंडल त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. सगळी पुस्तकं एकाच लांबलचक यादीत येतात. पॉकेटबुक या ई-रीडरवर किंवा केओरीडर हे मोफत सॉफ्टवेअर चढवलेल्या उपकरणावर फोल्डर दिसतात, कोबो या ई-रीडरवर कॅलिबरमधून (लॅपटॉपवर ई-पुस्तकं सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर) कप्पे करता येतात. पण मराठी पीडीएफचं शीर्षक आतल्या माहितीत ‘अनटायटल्ड’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ असं काहीतरी असतं आणि लेखक ‘अननोन’. अशी दोनशे पुस्तकं एकाखाली एक आली की त्यातून हवं ते काढणं म्हणजे निव्वळ शिक्षा. रांगेच्या पद्धतीत दहा पुस्तकांची नावं हाताने नीट करायला पंधरा मिनिटं पुरतात. उपकरणावर देवनागरी कळफलक नसेल तर शीर्षकापुढे रोमन लिपीतही नाव टाकून ठेवा, शोधताना तेच उपयोगी पडतं.

मराठी फायलींचं त्रांगडं

इथे जरा थांबू, कारण बहुतेक साठे इथेच वाया जातात.

फुकट मिळणारं मराठी पुस्तक तीनपैकी एका रूपात येतं. पहिलं, खरं ईपब: युनिकोड (सगळीकडे सारखीच वाचली जाणारी अक्षरं) मजकूर, अक्षर मोठं-लहान करता येतं. हे उत्तम, पण संख्येने सर्वांत कमी. दुसरं, संगणकावर जुळवलेली पीडीएफ. तिसरं, जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो म्हणजे स्कॅन. अशी एक फाइल दहापासून शंभर एमबीपर्यंत जाते, तेव्हा वरचा तेरा हजारांचा आकडा विसरा. ५० एमबीच्या हिशेबाने १३ जीबीत २६० पुस्तकं.

जुळवलेली पीडीएफ कॅलिबरमध्ये टाकली आणि ईपब करून घेतली की झालं, असं वाटतं. होत नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकात पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. रूपांतर केलं की तीच बाहेर येतात. फॉन्ट युनिकोड असला तरी पीडीएफमधून मजकूर काढताना ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर सरकते, रफार गळतो, जोडाक्षरं सुटी होतात. म्हणून उतरवण्याआधी एक चाचणी करा. पीडीएफ लॅपटॉपवर उघडा, मधल्या कुठल्याही पानावरची एक ओळ निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘क्रांती’, ‘विद्यार्थी’, ‘पूर्वी’ असे शब्द असलेली ओळ शोधली तर निकाल लगेच लागतो. ओळ जशीच्या तशी आली तर रूपांतर करून पाहायला हरकत नाही. रोमन चिन्हांचा काला आला किंवा वेलांट्या भलतीकडे गेल्या तर रूपांतराचा नाद सोडा. ओळ निवडलीच गेली नाही तर ते स्कॅन आहे.

स्कॅन सहा इंची पडद्यावर कसं दिसेल, हेही मोजता येतं. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद असतं, सहा इंची पडदा ३.६ इंच रुंद. पान जसंच्या तसं बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर आठ पॉइंटच्या आसपास येतं, आणि जुन्या छपाईत पसरलेली शाई धरली तर डोळ्यांची परीक्षाच. पण पानाचा बराच भाग कोरा समास असतो. केओरीडरमध्ये किंवा लॅपटॉपवरच्या ब्रिस या मोफत साधनाने समास कापले आणि उपकरण आडवं धरलं तर ४.८ इंचांची रुंदी मिळते. मग अक्षर मूळ छापील आकाराला येतं किंवा थोडं मोठंच दिसतं. एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं, एवढाच भुर्दंड. केओरीडरमध्ये स्कॅनमधले शब्द कापून नव्याने ओळी लावण्याचीही सोय आहे. ओळी दाटीच्या असतील तर मात्र उकार आणि वेलांट्या कातरल्या जातात.

आता ही मेहनत दहा पुस्तकांवर करायची की हजारांवर, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कुठून काय घ्यावं

मराठी विकिस्रोतावरून ईपब थेट उतरवता येतं आणि मजकूर युनिकोड असतो. तिथे पानांना रंग असतात: लाल म्हणजे तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकदा मुद्रितशोधन झालेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्याने प्रमाणित केलेलं. बरंचसं पिवळं-हिरवं असेल तरच घ्या.

इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचा प्रचंड साठा आहे आणि मोहही सर्वांत जास्त तिथेच होतो. तिथे पीडीएफशेजारी ईपबही दिसतं, पण मराठीसाठी ते टाळा. ते स्कॅनवरून यंत्राने आपोआप बनवलेलं असतं आणि ओळीओळीला चुका निघतात. तिथून पीडीएफच घ्यावी, तीही आधी पडद्यावर दहा पानं पाहून. मधली पानं गाळलेली, तिरकी किंवा दोनदा आलेली असतात.

ई साहित्य प्रतिष्ठान आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवरही पीडीएफ फुकट मिळतात, त्यांना वरची चाचणी लावा. वाईच्या विश्वकोश मंडळाचा मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, पण तो उतरवायची वस्तू नव्हे. लागेल तेव्हा फोनवर पाहावा. इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहेच. १९७१ पासून चाललेला हा उपक्रम आता सत्तर हजारांपलीकडे गेलाय आणि ईपब स्वच्छ मिळतं. जे कधीही दोन मिनिटांत मिळणार आहे ते आज भरून ठेवण्यात काय हशील?

किंडलच्या दुकानात शून्य रुपयांना ‘विकत’ घेतलेली पुस्तकं खात्यावर राहतात, उतरवेपर्यंत जागा खात नाहीत. यादी फुगलेली दिसत असेल तर फक्त उतरवलेली पुस्तकं दाखवणारी गाळणी लावा. फेब्रुवारी २०२५ पासून ही पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने देण्याची सोय बंद झाली, त्यामुळे त्यांना आपला साठा समजू नये.

फुकट आणि मुक्त

व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरणारी पुस्तकं फुकट असतात, मुक्त (कॉपीराइट संपलेली) असतीलच असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं हा हक्क चालतो. १ जानेवारी २०२६ ला १९६५ साली वारलेल्यांचं लेखन मुक्त झालं. सांगलीकरांना आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणं पुरतील. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली, त्यामुळे दोघांचंही लेखन बिनधास्त घ्या. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, ते १ जानेवारी २०३० ला मुक्त होतील. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३७. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर १९७७ साली, म्हणजे २०३८. ग्रुपवर सर्वाधिक फिरतात ती नेमकी खांडेकर-गदिमांची पुस्तकं!

अनुवादाला अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी मराठी अनुवाद मुक्त असेलच असं नाही. गुटेनबर्ग अमेरिकी नियमाने चालतं, त्यामुळे १९७५ साली वारलेल्या पी. जी. वुडहाउसची सुरुवातीची पुस्तकं तिथे मिळतात, पण भारतात त्यांचा हक्क २०३५ अखेरपर्यंत आहे.

मग साठा करूच नये?

करा, पण उपकरणात नको. ‘कागद भिजतो, फाइल भिजत नाही’ असं सांगलीत कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी नेता येत नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा नदीकाठच्या पेठांत किती कपाटं गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण सगळ्या फाइली एकाच ई-रीडरमध्ये असतील आणि तोच पाण्यात गेला तर तीच गत. लॅपटॉपवर कॅलिबरचा संग्रह, त्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी, शक्यतो विश्रामबागसारख्या उंच भागातल्या नातेवाइकांकडे, असं ठेवलं तर साठ्याला अर्थ आहे. जुनी नाटकं किंवा नियतकालिकं अभ्यासणाऱ्याला हे करावंच लागतं. त्याने सहा इंची पडदा न घेता दहा इंची घ्यावा किंवा सरळ टॅबलेटवर वाचावं.

कॅलिबरमध्ये हो/नाही असा एक स्तंभ वाढवा, त्याला ‘तपासलं’ नाव द्या, आणि वरच्या चाचणीतून गेलेलंच पुस्तक उपकरणात पाठवा. किंडलला ईपब केबलने नुसतं कॉपी केलं तर यादीत दिसत नाही. कॅलिबरने एझेडडब्ल्यू-३ (किंडलचा फाइलप्रकार) करून द्या किंवा सेंड टू किंडल या ॲमेझॉनच्या सोयीने पाठवा. तिथे संकेतस्थळावरून २०० एमबीपर्यंतची, ईमेलने ५० एमबीपर्यंतची फाइल जाते.

आधीच भरून झालं असेल तर

उपकरणावर एकेक पुस्तक दाबून धरून काढत बसू नका. केबल लावा, ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर आख्खा लॅपटॉपवर कॉपी करा, मग उपकरणातल्या नको त्या फाइली एकगठ्ठा पुसा. किंडलवर प्रत्येक पुस्तकाशेजारी ‘.एसडीआर’ शेवटाचा एक फोल्डर असतो. पुस्तक पुसलं तरी तो मागे राहतो, तोही काढा. चालू पुस्तकाचा मात्र ठेवा, कारण कितव्या पानावर होतात ते त्यातच असतं. एवढं करूनही उपकरण अडखळत असेल तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून उपकरण नव्यासारखं करणं. त्याआधी ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची टेक्स्ट फाइल आठवणीने उतरवून घ्या. तुम्ही अधोरेखित केलेल्या ओळी तिच्यात असतात आणि रीसेटमध्ये ती जाते.