टायमरवालं ड्रिप किट, गच्चीवरच्या 40 कुंड्यांसाठी: वर्षभर वापरून

मार्चमध्ये टँकर सुरू झाले आणि सोसायटीत गच्चीवरच्या बागेवरून कुरकुर सुरू झाली, म्हणून ऑनलाइन एक ड्रिप किट मागवलं. 16 एमएमची नळी, 4 एमएमच्या बारीक नळ्या, तासाला 4 लिटरवाले 50 ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं), नळीला भोकं पाडायचा पंच, टोकाला लावायची एंड कॅप आणि बॅटरीवरचा टायमर. जोडायला एक रविवार पुरला, नळी आधी उन्हात टाकून मऊ करून घ्या, नाहीतर बोटं सोलतात.

आता खरी गोची. टायमर सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने व्हॉल्व्ह उघडणारा) निघाला, त्याला पाण्याचं प्रेशर लागतं, आणि आमची टाकी कुंड्यांपेक्षा फारतर 2 मीटर वर. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (प्रेशरचं माप) मिळतो, म्हणजे आमच्याकडे 0.2! व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी नाही. बॉक्सवर याबद्दल एक अक्षर नाही. शेवटी बॉल व्हॉल्व्हवाला (छोट्या मोटरने व्हॉल्व्ह फिरवणारा) टायमर वेगळा घेतला, तो टाकीच्या पाण्यावर मस्त चालतो. ड्रिपरखाली मापाचा ग्लास ठेवून बघितलं तर 4 लिटर कुठलं, तासाला पावणेदोनच लिटर. कारण तेच, 4 चा आकडा 1 बारचा असतो. म्हणून सकाळी 6 ला 20 मिनिटं सेट केलं, 40 कुंड्यांना मिळून 23-24 लिटर. आधी मी पाइप घेऊन मोबाइलवर बोलत बोलत पाणी घालायचो तेव्हा मिनिटाला 15 लिटर जायचं, निम्मं गच्चीच्या पन्हाळीत :)

सांगोल्याच्या मामांचं डाळिंब ड्रिपवर आहे, ते फोटो बघून पहिलं काय म्हणाले तर "फिल्टर कुठाय रे?" किटमध्ये नव्हताच. बोअरच्या क्षारांनी तिसऱ्या महिन्यात 11 ड्रिपर बंद पडले तेव्हा पटलं. जाळीचा फिल्टर बसवला, ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकले, 9 सुरू झाले. आता महिन्यातून एकदा एंड कॅप काढून नळी धुवून घेतो.

मोगरा, कढीपत्ता, लिंबू एकदम खूश. पालक-मेथीच्या पसरट ट्रेला मात्र एक ड्रिपर कामाचा नाही, एकाच जागी ओल होते, तिथे मी झारीच वापरतो. वर नारळाच्या शेंड्या अंथरल्यात, त्याने मे महिन्यातही माती संध्याकाळपर्यंत ओलसर राहते. आणि पावसाळ्यात टायमर बंद करायला विसरू नका हो, मी विसरलो होतो, धो धो पावसात ड्रिप चालू बघून शेजारच्या काकू अजून हसतात.

नळ्या-ड्रिपरला 4 स्टार, टायमरला 1. परत घेत नाहीत म्हणे, सो पडून आहे, प्रेशर पंप असलेल्या कुणाला हवा असेल तर निम्म्या किमतीत देतो.