गाडीच्या मीटरमागचे जळके बल्ब: साधे की एलईडी, घरी की मिस्त्रीकडे?

रात्री दिवे लावले की वेगाचा काटा साठपर्यंत दिसतो आणि त्यापुढचा भाग काळोखात जातो, ही पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीची नेहमीची तक्रार आहे. ज्यांनी सांगली-पेठ रस्त्याची खड्ड्यांची वर्षे गाडीत बसून काढली, त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको. बल्बमधली तार वयाने झिजते, आणि झिजलेली तार धक्क्याने तुटते. इंजिन चालू असताना तिला 12 नव्हे, तर 14 व्होल्टच्या आसपास दाब सोसावा लागतो, त्याचाही परिणाम होतोच. दुरुस्तीला निघालेल्या माणसासमोर दोन निवडी असतात. बल्ब साधा घ्यायचा की एलईडी, आणि काम घरी करायचे की ऑटो इलेक्ट्रिशियनकडे.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. मीटरचा सगळाच उजेड एकाएकी गेला असेल, तर दोष बल्बचा असण्याची शक्यता फार कमी आहे, कारण चार बल्ब एकाच रात्री जळत नाहीत. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचा उजेड पार्किंग दिव्यांच्या फ्यूजवर असतो. मागचे लाल दिवेही बंद असतील, तर फ्यूज पाहावा. ते चालू असतील, तर उजेड कमी-जास्त करण्याचे चाक तपासावे.

मीटरमागे दोन प्रकारची कामे करणारे बल्ब असतात आणि निवड करताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो. काही बल्ब आकडे आणि काटे उजळवतात, तर काही इशारा देतात: ऑइल, बॅटरी, हँडब्रेक, इंडिकेटर, अप्परचा (हेडलाइटच्या लांब झोताचा) निळा दिवा. दोन्ही ठिकाणी दुकानदार ज्यांना कॅपलेस म्हणतात ते चपट्या बुडाचे काचेचे बल्ब बहुधा असतात. इशाऱ्याच्या जागी बहुतेक वेळा 1.2 वॉटचा बारीक बल्ब, तर उजेडासाठी 3 वॉटचा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. जुना बल्ब हातात घेऊन त्याच्या बुडावरचा आकडा वाचावा आणि तोच मागावा. जास्त उजेडाच्या मोहाने 3 वॉटच्या जागी 5 वॉटचा बसवला, तर बंद डब्यातली उष्णता वाढून होल्डर मऊ पडतो आणि आतला पांढरा रंग पिवळा होतो.

साध्या बल्बची बाजू प्रथम मांडतो, कारण एलईडीच्या झगमगाटात ती अलीकडे कोणी मांडत नाही. तो स्वस्त असतो, उलटसुलट कसाही बसवला तरी लागतो, आणि त्याचा उजेड चहूबाजूंना सारखा पसरतो. मीटरची आतली पोकळी याच उजेडासाठी घडवलेली असते. हिरव्या किंवा निळसर झाकणांचा रंगही तारेच्या पिवळ्या उजेडाचा हिशेब करूनच ठरवलेला असतो. उजेड कमी-जास्त करण्याचे चाक त्याच्याबरोबर नीट चालते. त्याचा दोष एवढाच, की काही वर्षांनी तो पुन्हा जाणार.

एलईडी वीज फार कमी खातो, फारसा तापत नाही आणि त्यात तुटायला तारच नसल्याने खड्ड्यांना दाद देत नाही. मात्र त्याचा उजेड पुढच्या दिशेला जास्त पडतो, त्यामुळे तबकडीवर एका जागी पांढरा डाग आणि कडेला अंधार असे दृश्य दिसू शकते. ज्या एलईडीला कडेनेही चिप बसवलेल्या असतात, तो घेतला तर हा त्रास बराच कमी होतो. रंगाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. गडद निळा एलईडी लावलेल्या एका गाडीत मी बसलो होतो. आकडे सुंदर दिसत होते, पण लाल काटा जवळजवळ काळा झाला होता, कारण लाल रंगाला परत फेकण्यासाठी निळ्या उजेडात लाल छटाच नसते. जी वस्तू पाहायची तीच दिसेनाशी झाली, तर त्या शोभेचा उपयोग नाही. शिवाय खंबाटकी घाट रात्री उतरताना डोळे अंधाराला सरावलेले असावे लागतात आणि थंड पांढरा-निळा उजेड तो सराव मोडतो. एलईडीच घ्यायचा असेल, तर पिवळसर छटेचाच घ्यावा. उजेड कमी करण्याच्या चाकाला तो पूर्वीसारखा प्रतिसाद देईलच, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

इशाऱ्याच्या दिव्यांबाबत माझे मत ठाम आहे आणि ते नुकसान सोसून झाले आहे. घरच्या 2003 सालच्या छोट्या गाडीत मी हौसेने सगळेच बल्ब एलईडी केले. त्यानंतर इंजिन सुरू झाले तरी बॅटरीचा लाल दिवा विझेना. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की मात्र विझे. दिवाच सदोष असेल असे मानून मी चार दिवस सांगलीत विश्रामबाग ते गणपती पेठ अशा गावातल्या गावात हळू फेऱ्या मारल्या, आणि पाचव्या दिवशी सकाळी गाडीने स्टार्टच घेतला नाही. मिरजेच्या मिस्त्रींनी दिवा पाहून दोन मिनिटांत कारण सांगितले: "दादा, या बल्बमधनंच डायनॅमोला पहिला करंट जातो. तुम्ही ती वाटच बुजवलीत."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा मिस्त्रींचा 'डायनॅमो', जागा होण्यासाठी लागणारा सुरुवातीचा प्रवाह किल्लीकडून बॅटरीच्या दिव्यातून जातो. 1.2 वॉटचा बल्ब सुमारे 0.1 अँपिअर जाऊ देतो, तर एलईडी त्याचा लहानसा अंशच देतो. काही गाड्यांत दिव्याला समांतर रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला दुसरी वाट देणारा भाग असतो, तिथे हा त्रास होत नाही, पण आपल्या गाडीत तो आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. म्हणून बॅटरीच्या दिव्याला साधाच बल्ब ठेवावा. तो जळालेला असेल, तर सर्वांत आधी बदलावा, कारण तिथे जळका बल्ब म्हणजे चार्जिंगचीच अडचण. काही गाड्यांत दोन्ही इंडिकेटरना मिळून एकच बल्ब असतो आणि डावीकडे-उजवीकडे वळताना त्यातल्या प्रवाहाची दिशा बदलते. तिथे साधारण एलईडी एकाच बाजूला लागतो.

आता काम कोणी करायचे? खरी मेहनत बल्ब बदलण्यात नसून मीटर बाहेर काढण्यात आहे, त्यामुळे एकच गेला असला तरी उजेडाचे सगळे बल्ब एकदम बदलणे शहाणपणाचे ठरते. घरी करणाऱ्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. जुन्या मारुती 800 सारख्या गाडीत स्पीडोमीटरची केबल मागून जोडलेली असते, तिची क्लिप दाबून ती सोडवल्याखेरीज मीटर ओढू नये. मीटरच्या पाठीवर प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर तांब्याच्या रेषा चिकटवलेल्या असतात आणि होल्डर त्यांवर टेकलेला असतो. तो डावीकडे पाव वळसा फिरवून अलगद उचलावा. पक्कडीने पिरगळला, तर रेष उचकटते आणि दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी मीटर बाद होते. ज्यांचा हात अशा कामाला सरावलेला नाही, त्यांनी सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावरच्या एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला तासाभराची मजुरी द्यावी. जुने, ठिसूळ झालेले प्लास्टिक कुठे दाबायचे हे त्यांच्या बोटांना माहीत असते. एसीच्या बटणांमागचे आणि घड्याळातले नखाएवढे बल्ब काही गाड्यांत डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेले असतात. ते तर त्यांच्याकडेच द्यावेत.

सांगलीत जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. ओल मीटरपर्यंत पोहोचलेली असेल, तर होल्डरच्या तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि चांगला बल्बही लागत नाही. तो खोडरबराने हलके घासून स्वच्छ करावा. रेषाच खाल्ल्या गेल्या असतील, तर दुसऱ्या जुन्या गाडीचे मीटर आणणे हाच मार्ग उरतो. त्याने किलोमीटरचा आकडा बदलतो, म्हणून काढलेल्या मीटरचा फोटो आणि बिल जपून ठेवावे.

रोज रात्री महामार्गावर जाणाऱ्याने उजेडासाठी पिवळसर एलईडी आणि इशाऱ्यासाठी साधे बल्ब घ्यावेत. ज्याची गाडी महिन्यातून चारदा गावातच फिरते, त्याने सगळे साधेच घ्यावेत. दोघांनीही मीटरचे स्क्रू आवळण्यापूर्वी मीटरमागचा वायरींचा कपलर जोडून, बॅटरीची वायर पुन्हा लावून किल्ली फिरवावी. इंजिन बंद असताना ऑइल आणि बॅटरी हे दोन्ही दिवे लागले पाहिजेत. एखादा एलईडी लागत नसेल, तर तो काढून अर्धा वळसा फिरवून पुन्हा बसवावा. मग इंजिन सुरू करून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, बॅटरीचा दिवा आपोआप विझतो का ते पाहावे.